चौदा नंबरला शून्य

१२ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरने आज मला "आजी" म्हटलं. मी त्याला सांगितलं की मला नातवंडं नाहीत, आणि असती तरी तू त्यात नसतास. तो हसला. दात चांगले आहेत त्याचे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणतो. उजवा या महिन्याच्या अठ्ठावीसला काढणार, डावा पुढच्या महिन्याच्या सव्वीसला. "किती वर्षांपासून अंधुक दिसतंय, मॅडम?" मी म्हटलं, मला अंधुक दिसत नाही, हल्ली दिवेच खराब येतात. त्याने काहीतरी लिहिलं आणि मला वाचू दिलं नाही.

एकतीस वर्षं मी गव्हाची दैनंदिनी लिहिली. कोणत्या ओळीला कधी ओंबी आली, कोणती वाऱ्याने लोळली, कोणती रोगाला बळी पडली. स्वतःची लिहायला निवृत्तीनंतर सात वर्षांनी मुहूर्त लागला, तर आता डोळे सुट्टी मागतात. असो.

घरी येऊन ताईशी वाजलं. ताई माझी थोरली बहीण. भावजी गेल्यावर दहा वर्षांपूर्वी दोन ट्रंका आणि चार पडदे घेऊन माझ्याकडे राहायला आली. मी म्हटलं, हे पांढरे पडदे एकदा धुवायला टाक, मळलेत. ती म्हणाली, "पांढरे नाहीत गं, लिंबू रंगाचे आहेत. दहा वर्षं सांगतेय." शाळेत चित्रकलेचं बक्षीस मला मिळायचं आणि ही गणितात नापास व्हायची. रंग मला शिकवते.

१५ जानेवारी

चष्मेवालीचा फोन.

चष्मेवाली म्हणजे संशोधन केंद्रात माझ्या हाताखाली होती ती. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा, आवाज मुंगीचा, चिकाटी गोचिडीची. आता रोगविभागाची प्रमुख झाली आहे. गाव ओस पडलं की कोणीही पाटील होतं.

"मॅडम, यंदा थंडी आणि ओल फार आहे. पिवळ्या तांबेऱ्याचं हवामान आहे. चौदा नंबरच्या तपासणीची वही तुमच्याकडे आहे ना? मला एकदा बघायची होती."

चौदा नंबर हा माझा गहू. हजारभर संकर केले मी, चिमट्याने एकेका फुलातले परागकोश काढून, कागदी पिशव्या बांधून, कंबर मोडेपर्यंत. त्यातून शेवटी उरला तो हा. आज या खोऱ्यात दहा शेतांतल्या सात शेतांत तोच आहे. लोक त्याला "बाईंचा गहू" म्हणतात. पिवळा तांबेरा, पानांवर हळदीसारखी पूड धरणारा बुरशीचा रोग, त्याला होत नाही, म्हणून तो मंजूर झाला. म्हणूनच त्याच्यावर कोणी औषध मारत नाही, आणि केंद्र त्याच्यासाठी औषधाचा साठाही ठेवत नाही.

ती वही मी निवृत्त होताना घरी आणली. तेवढा हक्क मला आहे. चष्मेवालीला ती का हवी, हेही मला कळतं. नऊ वर्षांपूर्वी चौदा नंबरची तपासणी होती. अशाच थंड, ओल्या वर्षी मुद्दाम रोग पसरवून प्रत्येक ओळीला आकडा द्यायचा असतो: पानाचा शंभरातला किती भाग तांबेऱ्याने व्यापला. शून्य म्हणजे निरोगी. पिवळ्या तांबेऱ्याचे आकडे मी कोणाला देऊ देत नसे. त्या सकाळी मी पोचायच्या आधी या बाईने वहीत चौदापुढे लिहून ठेवलं होतं "४०". मी ओळीत वाकून बघितलं, पानं स्वच्छ. पांढऱ्या रुमालाने पुसून बघितलं, रुमाल स्वच्छ. लाल शाईने तिचा आकडा खोडला, शून्य लिहिलं आणि सगळ्या मजुरांसमोर म्हटलं, "आधी चष्मा बदलून ये."

मुकादम इतका हसला की त्याला खोकला लागला.

वही देणार नाही, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मॅडम." तिचं "बरं" मला आवडलं नाही.

२९ जानेवारी

काल ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. डॉक्टर आत गाणं गुणगुणत होता. बेसूर.

आज पट्टी काढली. काय लिहू? ताईचे केस चांदीसारखे झाले आहेत. मला ते राखाडी वाटायचे. दवाखान्याच्या खिडकीतून आकाश इतकं निळं दिसलं की मी नर्सला विचारलं, काच रंगवली आहे का.

घरी आले तर पडदे पिवळे. मी ताईला म्हटलं, पडदे कधी बदललेस? ती पदराने चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "तेच आहेत."

मी विषय वाढवला नाही. पहिल्या दिवशी डोळ्याला जपायचं असतं.

३१ जानेवारी

तपासणीला गेले. डॉक्टर म्हणतो, तुमचं भिंग पिकून दगड झालं होतं, आठ-दहा वर्षं तरी साठत आलं असणार. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं पिवळी काच लावून जग बघत होतात. पिवळ्या काचेतून पिवळंच तेवढं दिसत नाही." मी म्हटलं, मी शास्त्रज्ञ आहे, मला प्रकाश शिकवू नकोस. तो म्हणाला, "डावा डोळा झाकून बघा, मग उजवा झाकून बघा. गंमत वाटेल." मला गमतीची आवड नाही.

बाहेर धुकं आहे. काल सकाळपासून वर उचललं गेलं नाही.

६ फेब्रुवारी

बाल्कनीतल्या कुंड्यांत मी दरवर्षी चौदा नंबर पेरते. सहा कुंड्या. ताई म्हणते, लोक गुलाब लावतात.

आज पाणी घालताना वरच्या पानांवर रेघा दिसल्या. शिरांना धरून, शिवणयंत्राने टीप घालावी तशा. पिवळ्या. रुमालाने पुसलं. रुमालावर हळद सांडावी तसा डाग.

पिवळा तांबेरा. चौदा नंबरवर.

मी खुर्चीत बसले ती ताईने दोनदा हाक मारली तरी उठले नाही. मग डोकं चालायला लागलं. उघड आहे: बुरशीची नवी जात आली आहे. वाऱ्याबरोबर बाहेरून. जुन्या जातीला चौदा नंबर दाद देत नव्हता, ही त्याला भेदणारी आहे. जगात असं होत असतं. केंद्रातले लोक झोपले आहेत. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी पहारा दिला ते निवृत्त झाले, की असंच होणार.

ताई रुमाल बघून म्हणाली, "असे डाग तर मी तुझ्या रुमालांवरून कितीदा धुतलेत. नोकरीत होतीस तेव्हा. मला वाटायचं जेवणाचे आहेत."

मी तिला म्हटलं, तू जेवण बघ.

९ फेब्रुवारी

केंद्रात गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखलं नाही, वहीत सही करायला लावली. माझ्याच फाटकात.

संचालक नवा आहे, गोल चेहऱ्याचा, कोणी जोरात बोललं की तेच खरं मानणारा. चष्मेवाली आधीच त्याच्या खोलीत होती. टेबलावर पानं मांडलेली. केंद्राच्या पाच शेतांतून, पाचही ठिकाणी तांबेरा. ती म्हणत होती, उद्यापासून खोऱ्यातल्या सगळ्या चौदा नंबरवर फवारणी केली पाहिजे, शेजारच्या गोदामांतून औषध मागवून. "हा वाण मुळातच कमजोर आहे, सर. मधली वर्षं कोरडी गेली म्हणून वाचला. पहिल्या ओल्या वर्षीच हे होणार होतं."

मुळातच कमजोर. माझ्यासमोर.

मी उभी राहिले. माझा आवाज अजून शाबूत आहे. मी सांगितलं की मंजुरीच्या वर्षीही अशीच ओल होती आणि चौदा नंबरला शून्य होतं, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा शून्य आणि आता तांबेरा, याचा अर्थ एकच, बुरशी नवी आहे. नवी असेल तर आंधळेपणाने सगळं खोरं फवारायचं नसतं. आधी नमुने प्रयोगशाळेत पाठवून कोणती जात आहे ते ठरवायचं, तोवर लागण झालेली शेतं बंद ठेवायची. शिस्त म्हणून काही असते.

"किती दिवस लागतील?" संचालकाने विचारलं.

"तीन आठवडे," चष्मेवाली म्हणाली. "तीन आठवड्यांत सर, हे सगळीकडे असेल."

संचालकाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मॅडमनी हा वाण घडवलाय," तो म्हणाला. नमुने पाठवायचे ठरलं. फवारणी थांबली.

बाहेर पडताना तिने मला गाठलं. "मॅडम, ती वही. अजून एकदा विचारते."

"तू आणखी एकदा चष्मा बदल," मी म्हटलं.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जिंकलीस म्हणजे." हो, जिंकले.

१४ फेब्रुवारी

धुकं. कुंड्यांतल्या सहाही झाडांवर पसरलं. खालची पानं वाळली. पाणी घालून आत यायचं तर बाही पिवळी होते.

१९ फेब्रुवारी

मुकादम भेटायला आला. माझ्यानंतर दोन वर्षांनी तोही निवृत्त झाला. गुडघे गेलेत, जीभ तशीच आहे. ताईने चहा दिला, तो बशीत ओतून प्यायला.

खोऱ्याच्या खालच्या अंगाला त्याच्या जावयाचं शेत आहे. तिथेही आलं म्हणतो. "शेतातून कुत्रं गेलं बाई, तर पिवळं होऊन बाहेर आलं. नातवंडं हसतात. जावई हसत नाही."

मी त्याला नव्या जातीबद्दल समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नवी म्हणजे कशी, बाई? तेव्हाही माझी विजार पिवळी व्हायची की."

"तेव्हा म्हणजे?"

"मंजुरीच्या वर्षी. चौदाच्या ओळींतून निघालं की गुडघ्यापर्यंत पिवळी."

"दुसऱ्या ओळींची लागली असेल."

"असेल." त्याने बशी उपडी घातली. "तुम्ही शून्य म्हणालात. मग मी विजार धुऊन टाकली."

"आणि तेव्हा इतका हसलास तो?"

"तुम्ही हसवलंत, बाई. मालकीण हसवते तेव्हा हसायचं असतं."

तो गेल्यावर मी ताईवर उगाचच ओरडले. चहा पाणचट झाला होता म्हणून. झाला नव्हता.

२२ फेब्रुवारी

आज वही काढली. कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली. मुकादमाचं तोंड बंद करण्यासाठी काढली, हे लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला काही वेगळं सांगेन.

चौदाचं पृष्ठ सापडायला वेळ लागला नाही. शाळेत सिस्टर आम्हाला शिकवायच्या, उत्तर चुकलं तर गिरगटायचं नाही, एकच सरळ रेघ मारायची. खाली काय चुकलं ते वाचता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही चूक दुरुस्त केली नाही, फक्त लपवली. ती सवय मी कधी सोडली नाही. एकच लाल रेघ, खाली तिचा बारीक "४०" अगदी स्पष्ट. शेजारी माझं शून्य, टपोरं.

आणि त्याच जागी एक पान दाबून ठेवलेलं. निवडलेल्या वाणाचं वरचं पान मी नेहमी वहीत ठेवते. नऊ वर्षांत वाळून कागदासारखं झालं आहे. पण त्याच्यावर रेघा आहेत. शिरांना धरून, टीप घालावी तशा. वही बंद राहिली म्हणून समोरच्या कागदावरही त्यांचा ठसा उठला आहे, मळकट पिवळा, ओळीने. माझ्या शून्याच्या बरोबर बाजूला.

मी डॉक्टरने सांगितलेली गंमत केली.

उजवा डोळा झाकला. डाव्याने बघितलं. कागदावर ठसा नाही. पान स्वच्छ.

डावा झाकला.

पुन्हा उजवा. पुन्हा डावा. ताई दारातून म्हणाली, "डोळ्यात काही गेलं का गं?"

२३ फेब्रुवारी

तपकिरी तांबेरा मला कधी चुकला नाही. काळा कधी चुकला नाही. मी कामात कधी आळस केला नाही. दहादा वाकून बघितलं होतं त्या ओळीत. खोटं काहीच लिहिलं नाही मी.

ती चाळीस म्हणाली होती.

२४ फेब्रुवारी

ही वही एकच आहे. दुसरी प्रत नाही. केंद्राच्या तक्त्यात फक्त माझं शून्य आहे. हे आज मी तीनदा मनात म्हटलं आणि तिसऱ्यांदा वही स्वयंपाकघरात नेऊन रद्दीच्या पिशवीत ठेवली. रद्दीवाला उद्या येतो.

प्रयोगशाळेचं उत्तर दोन मार्चला येईलच. "जुनीच जात" असं आलं तर त्यांना आपोआप कळेल. मी कशाला तोंड उघडायचं? सहा दिवसांनी काय फरक पडतो?

काय फरक पडतो हे मला जितकं कळतं तितकं या खोऱ्यात कोणाला कळत नाही. या हवेत त्याला एक पिढी पुरी करायला दहा-बारा दिवस लागतात. एका पानावरून लाखो बीजाणू. ओंबी बाहेर पडण्याआधी वरचं पान गेलं तर दाणा भरत नाही, चिमटलेला राहतो. वरच्या अंगाच्या शेतांत ओंबी अजून पोटात आहे. खालच्या अंगाला निघाली असेल. मुकादमाच्या जावयाकडे निघाली असेल.

पंधरा दिवस माझ्या शब्दावर वाया गेले.

२५ फेब्रुवारी

सकाळी ताईने वही टेबलावर आणून ठेवली. "रद्दीत चुकून गेली होती," म्हणाली. तिने "चुकून" हा शब्द इतक्या हळुवारपणे उच्चारला की मला तिला मारावंसं वाटलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती गणितात नापास झाली होती, पण तिने एकच प्रश्न विचारला. "फोन नंबर आहे का तुझ्याकडे तिचा?"

चष्मेवालीने दुसऱ्या घंटेला उचलला. मी म्हटलं, वही माझ्याकडे आहे, त्यात पान आहे, पानावर तांबेरा आहे. तुझा आकडा बरोबर होता.

मला वाटलं, आता हसेल. तिचा तो हक्कच होता.

"उद्या सकाळी शेतावर याल का?" ती म्हणाली. "सरांनाही बोलावते."

मग मी डॉक्टरला फोन केला. डाव्या डोळ्याचं उद्याचं ऑपरेशन पुढे ढकलायला सांगितलं. "का, मॅडम? उजव्याचा त्रास होतोय?" मी म्हटलं, नाही, डाव्याची साक्ष व्हायची आहे. त्याला वाटलं माझं डोकंही तपासावं लागेल.

२६ फेब्रुवारी

धुक्यातच केंद्राच्या शेतावर पोचले. संचालक गळ्याला मफलर गुंडाळून उभा. त्याने वही बघितली, पान बघितलं, आणि म्हणाला ते मला अपेक्षितच होतं. "मॅडम, पान नंतर कुठूनही आलं असेल. आकडा खोडणाऱ्या तुम्हीच, शून्य लिहिणाऱ्या तुम्हीच. दोन आठवड्यांपूर्वी नवी जात म्हणणाऱ्याही तुम्हीच. आज कशावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर ठेवू नका," मी म्हटलं. "डोळ्यावर ठेवा."

मी उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि चष्मेवालीला लिहायला सांगितलं. ओळींच्या डोक्याशी उभी राहिले, पूर्वी राहायची तशी. वाकले. पान बोटात धरलं. पुसलं.

"एक?" ती म्हणाली.

"शून्य."

"दोन?"

"शून्य."

दहा ओळी. मी खोटं बोलत नव्हते, हेच भयंकर होतं. मला खरोखर स्वच्छ, ओलं, हिरवं शेत दिसत होतं. माझा चौदा नंबर. शेवटच्या ओळीशी मला वाटलं, इथेच थांबावं.

मग रुमाल डाव्या डोळ्यावर घेतला.

ओळ उरलीच नव्हती. पिवळा धूर जमिनीवर बसावा तसं ते होतं. माझे बूट पिवळे, कोटाचा घेर पिवळा, बोटं पिवळी. "साठ," मी म्हटलं. "सत्तर. साठ. ऐंशी." आवाज नीट ठेवला. चष्मेवाली लिहीत होती. दोन रकाने शेजारी शेजारी.

"नऊ वर्षांपूर्वी डोळा इतका वाईट नसेल," संचालक म्हणाला. मऊ आवाजात. माणूस अगदीच वाईट नाही.

"पिवळं तेव्हाच गेलं होतं," मी म्हटलं. "माझ्या बहिणीला पडद्यांबद्दल विचारा."

त्याला कळलं नाही, पण त्याने फोन काढला. औषध, गाड्या, माणसं. ओरडायला लागल्यावर तो बरा दिसतो.

मी चष्मेवालीला विचारलं, किती वाचेल? तिने चष्मा काढून पुसला. त्याशिवाय ती फार लहान दिसते. "वरच्या अंगाला वेळ आहे, मॅडम. अर्ध्याहून जास्त वाचेल." तिने चष्मा परत लावला. "नऊ तारखेला सुरू केलं असतं तर खालचंही."

"जावयाचं शेत खाली आहे," मी म्हटलं. कोणाचा जावई, हे तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

मग तिने जुनी वही गाडीच्या टपावर उघडून माझ्यापुढे ठेवली आणि खिशातून पेन काढून दिलं. लाल. तिने ते मुद्दाम आणलं होतं की नेहमीच तिच्याकडे असतं, मी विचारलं नाही. माझ्या शून्यावर मी एकच सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं ४०. खाली सही, तारीख.

शून्य अजून वाचता येतं.